पहिली पोळी कुणाची?

सणाला गोड काय करायचं, हा प्रश्न आमच्या घरात दर सणाच्या आठ दिवस आधी विचारला जातो आणि त्याचं उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. तरी विचारायचं, कारण न विचारता केलं तर 'या घरात आम्हाला कोण विचारतंय' म्हणून ऐकून घ्यावं लागतं. धाकटा म्हणतो, 'रसमलाई आणूया की.' आमचे हे म्हणतात, 'कुंदा आणतो दोन किलो, कशाला एवढा व्याप?' मी सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेते आणि हरभऱ्याची डाळ निवडायला बसते.

माझं मत एकदा स्पष्ट सांगून टाकते. सणाचं गोड म्हणजे पुरणपोळी. बाकीचं सगळं खाऊ. बेळगावात राहून कुंद्याला नावं ठेवीन एवढी मी कृतघ्न नाही, पण कुंदा खोक्यातून येतो आणि चमच्यानं संपतो. त्याच्यासाठी सकाळी घरभर वास सुटत नाही, कुणी स्वयंपाकघराच्या दारात घुटमळत नाही. मांड्यांचं म्हणाल तर ते मांडेवाल्यांनीच करावेत. उलट्या कढईवर तो हातभर पसरलेला कागदासारखा पातळ मांडा टाकायचा म्हणजे येरागबाळीचं काम नव्हे. आपल्यासारख्या बायकांनी मांडे मनातच खावेत.

आम्हा जैन बायकांना गोडाच्या बाबतीत निवड करणं तसं सोपंच असतं, कारण अर्धी यादी आधीच बाद झालेली असते. गाजराचा हलवा? कंदमूळ. रताळ्याचा कीस, रताळ्याच्या गोड घाऱ्या? तेही कंदमूळ. केक? अंडं आहे की नाही हे विचारता विचारता मेणबत्त्या विझतात. मध घातलेलं काही? नाही. अंजीर बर्फी? अंजीर उदुंबर फळांतलं, आमच्या आत्ती ते घरात येऊ देत नाहीत. (सासूला आमच्याकडं आत्ती म्हणतात. पुढं त्यांच्याबद्दल बरंच सांगायचं आहे, म्हणून आत्ताच ओळख करून दिली.) एवढी सगळी गाळणी लावून झाल्यावर ताठ मानेनं उभी राहते ती पुरणपोळी. डाळ, गूळ, गहू, तूप. हळद आणि सुंठ मुळात जमिनीखालचीच, पण वाळलेली म्हणून चालते. ओलं आलं नाही, पण सुंठ होय! लहानपणी मला वाटायचं, सुंठीनं काहीतरी मोठी तपश्चर्या केली असणार, म्हणून तिला माफी मिळाली.

आता गुळाचा मुद्दा. पुरणात साखर घालणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही, पर्युषण झालं की क्षमा मागताना त्यांचीही मागते. पण पोळी मी गुळाचीच खाणार. एक तर आम्ही या उसाच्या पट्ट्यातली माणसं. कोल्हापूरपासून इकडं चिकोडी-गोकाकपर्यंत ऊसच ऊस. माझं माहेर चिकोडी तालुक्यातलं, शेतकरी घर. गुऱ्हाळावर कढईतल्या रसाचा काकवी होताना आणि काकवीचा गूळ होताना मी पाहिलेलं आहे. दुसरं, आमच्या परंपरेत तर पहिलं पारणंच उसाच्या रसाचं. आदिनाथ भगवान सहा महिन्यांच्या उपवासानंतर आहाराला निघाले, तर मुनींना आहार कसा द्यायचा हेच कुणाला ठाऊक नव्हतं. लोक भक्तीनं हत्ती-घोडे पुढं करत, रत्नं पुढं करत, आणि भगवान तसेच पुढं जात. असं करता करता वर्ष उलटून गेलं. शेवटी हस्तिनापूरला श्रेयांस राजाला पूर्वजन्मीचं आठवलं आणि त्यानं उसाचा रस दिला. ती अक्षय्य तृतीया. या कथेचा मोठा अर्थ आचार्य सांगतील. मला बाई म्हणून तिच्यात एक दिसतं. भक्ती सगळ्यांकडं होती, हत्ती-घोडे होते, पण समोरच्याला भूक लागलीय आणि त्याला काय द्यायचं हे एकालाच सुचलं. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

तर गूळ. किलोभर डाळीला किलोभर गूळ, हे माझं माप. काही जणी पाऊण घालतात आणि 'आमच्याकडं बेताचं गोड खातात' म्हणतात. बेताचं खायचं असेल तर भाकरी खावी. डाळ शिजवून तिचं पाणी कटाच्या आमटीसाठी काढून ठेवायचं, मग गूळ घालून आटवायचं. गूळ पडला की ते आधी पातळ होतं. नवीन मुली तिथंच घाबरतात. घाबरू नये. आटवत राहावं. पुरणात उलथनं रोवलं आणि ते उभं राहिलं की पुरण झालं. पडलं तर अजून चुलीजवळ थांबायचं. मग गरम असतानाच वाटायचं, गार झालं की ते तुम्हाला दाद देत नाही. आमच्या अव्वा पाट्यावर वाटायच्या, आत्ती पुरणयंत्रातून काढतात, मी मिक्सरमधून काढते, आणि प्रत्येक पिढी मागच्या पिढीला 'तुमच्यासारखी चव नाही येत' असं म्हणते. ते खरं असतं असं नाही, पण म्हणायचं असतं.

डाळ कुठली यावरून आमच्या नात्यात तीन राज्यांत भांडण आहे. माझी धाकटी बहीण बडोद्याला दिली. तिकडं वेढमी करतात, तुरीच्या डाळीची, आकारानं लहान नि जाडसर. पहिल्या वर्षी ती फोनवर रडकुंडीला आली होती, 'आक्का, ही लोकं पुरणात तुरीची डाळ घालतात गं!' जणू विष घालतात. आता स्वतः तीच करते आणि मला म्हणते, हरभऱ्याची डाळ पोटाला जड. हैदराबादच्या जाऊबाई भक्षालु म्हणतात, बोब्बट्लु म्हणतात, आणि तुपात इतकी बुडवतात की पोळी शोधावी लागते. आमच्या बेळगावात तर दोन्ही नावं एकाच गल्लीत. या दारात पुरणपोळी, त्या दारात होळीगे. 1956 ला राज्यं झाली, नकाशे झाले, त्यावरून काय काय झालं ते आपण सगळ्यांनी सोसलंय. पण होळीगे करणाऱ्या शेजारणीनं वाटीभर पुरण उसनं मागितलं, तर भाषा विचारून कुणी दिलेलं मला माहीत नाही. तिची तेल लावून पत्र्यावर थापलेली, माझी पिठावर लाटलेली. आतलं पुरण एकच. आमचे हे एकदा हौसेनं पोळी लाटायला बसले, तर त्यांचं पुरण चारी बाजूंनी बाहेर आलं. धाकटा म्हणाला, 'आप्पा, ह्याला म्हणतात सीमाप्रश्न.'

पोळी कशाबरोबर खायची यावर आमच्याकडं जेवढी चर्चा होते, तेवढी शास्त्रसभेत होत नसेल. इकडच्या भागात पोळीवर दूध घेतात. पण पुरण डाळीचं, म्हणजे द्विदलाचा प्रश्न आला. डाळीबरोबर कच्चं दूध, दही, ताक आपल्यात चालत नाही. आत्तींचं म्हणणं, डाळ ती डाळ आणि दूध ते दूध, तापवलं काय नि न तापवलं काय, नकोच. माझ्या चुलत सासूबाई, त्यांचाही स्वाध्याय काही कमी नाही, त्या म्हणतात, दोष कच्च्या दुधात आहे, चांगलं उकळलेलं चालतं. दोघीही आपापल्या जागी ठाम. एका पाडव्याला हा वाद इतका रंगला की दुधावर साय धरली. शेवटी मामंजींनी पातेलं उचलून कॉफीला दिलं. तेव्हापासून आमच्याकडं तूप. फक्त तूप. तूप पोळीवर घालायचं नसतं, पोळीत जिरवायचं असतं. तव्यावरून उतरल्याबरोबर, अजून फुगलेली असतानाच, वर चमचाभर. वाफ आणि तूप एकमेकांत मिसळतात तो क्षण पाच-सहा सेकंदांचा असतो. पुरणपोळीची सगळी गंमत त्या पाच-सहा सेकंदांत आहे. पुढं ती नुसती गोड चपाती.

आणि बायांनो, माझ्या या लेखाचं सगळं दुखणं इथंच आहे. ही पोळी पाच-सहा सेकंदांची, आणि ती करणारी बाई तव्यापाशी. मग खातं कोण?

आमच्या माहेरी बेंदराला जेवणाचा क्रम ठरलेला. कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठी पौर्णिमेला येतो. त्या दिवशी बैलांना आंघोळ, शिंगांना रंग, गळ्यात घुंगरं. पहिली पोळी बैलांची. वर्षभर राबतात, त्यांचा हक्कच आहे, माझी काही तक्रार नाही. मग गडीमाणसं. मग पोरं, कारण ती ओरडतात. मग आण्णा, काका, आलेले पाहुणे. मग दुसऱ्या गावचे पाहुणे, जे 'वाटेत उशीर झाला बघा' म्हणत बरोबर दोन वाजता येतात. मग सासरी दिलेल्या लेकी. आणि मग सकाळपासून चुलीसमोर बसलेल्या तिघी. बैल आणि बाई दोघंही राबणारे, पण बैलाचा नंबर पहिला आणि बाईचा शेवटचा. पुढच्या जन्मी कुठली गती बांधावी याचा विचार आईनं त्या दिवशी नक्की केला असेल.

हिशेब करून बघा. किलोभर डाळीच्या चाळीसेक पोळ्या होतात. एकेक लाटून-भाजून तीन मिनिटं धरली तर चाळीस पोळ्यांना दोन तास. सणाला दोन किलो डाळ तरी लागतेच, म्हणजे चार तास. त्यात आमटी, भात, भजी, कोशिंबीर. देवदर्शन, पूजा, नैवेद्य यातून सुटायला अकरा. आता आपला नियम बघा. सूर्यास्ताच्या दोन घटका आधी जेवण आटोपायचं. घटका चोवीस मिनिटांची, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं आधी. दिवाळीत आमच्याकडं सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. म्हणजे पाच वाजून दहा मिनिटांनी ताटं उचललेली हवीत. बेंदराला जूनमध्ये सूर्य जरा दया करतो, सातपर्यंत थांबतो. दिवाळीत काही थांबत नाही.

आमच्या आत्तींचा नियम कडक. मी लग्न होऊन आले तेव्हापासून पाहतेय, दिवाळीच्या पाडव्याला शेवटची पंगत उठायची साडेचारला. मग मागचं आवरणं. आत्ती पदराला हात पुसत बसायच्या पाचला. दहा मिनिटं हातात. तेवढ्यात गार भात, गार आमटी आणि डब्याच्या तळाची फाटलेली पोळी. फाटलेल्या पोळ्या करणाऱ्यांच्या, हा एक न लिहिलेला कायदा. एक-दोनदा तर घड्याळानं हरवलं. पाच वाजून गेले, कुणी पाहुणा दारात आला, त्याचा चहा झाला आणि आत्तींनी नुसतं हात जोडून पाण्याचाही त्याग केला. ऐंशी पोळ्या करून एक न खाता झोपलेली बाई मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. सकाळी खाईल म्हणाल, तर तेही नाही. पुरण ओलं, त्याची मर्यादा त्या दिवसापुरतीच. दुसऱ्या दिवशी शिळं म्हणून आत्ती शिवत नाहीत. माझ्या शाळेतल्या मैत्रिणी अजून सांगतात, 'अगं, पुरणपोळी खरी दुसऱ्या दिवशीच लागते, मुरलेली.' असेल. आमच्या घरात दुसऱ्या दिवशीची मुरलेली पोळी गाईला लागते.

बसदीतही तसंच. लहानपणी दिवाळीच्या पहाटे आईबरोबर निर्वाण लाडू चढवायला जायची. महावीर भगवान पावापुरीला मोक्षाला गेले ती ही पहाट. एवढा मोठा लाडू वाहायचा, आणि आमच्यात वाहिलेलं परत घ्यायचं नाही, प्रसाद म्हणून खायचं नाही. वाहिलं ते वाहिलं. मैत्रिणींच्या देवळात शिरा मिळायचा, मी आपली रिकाम्या हातानं परत. तेव्हा वाईट वाटायचं. मोठी झाल्यावर अर्थ कळला. सोडलं ते सोडलं, त्यावर पुन्हा डोळा ठेवायचा नाही. फार सुंदर आहे ते. पण ते भगवंतापुढं. घरच्या बाईनं रोज स्वयंपाकघरात स्वतःचा वाटा वाहून टाकावा, असं कुठल्या शास्त्रात आहे ते मला अजून सापडलं नाही.

त्याग आपल्यात मोठा आहे आणि तो असावाच. चातुर्मासात कुणी मीठ सोडतं, कुणी तूप, कुणी गोड. रसपरित्याग हे तपच आहे. मी सुद्धा घेते नियम. माझी एक आत्या दर चातुर्मासात मोठ्या भक्तीनं कारलं सोडायची. पण त्याग म्हणजे जे मिळालंय ते समजून-उमजून सोडणं. मिळालंच नाही, उरलंच नाही, वेळच झाली नाही, याला त्याग म्हणून गौरवायचं, हे घरच्यांना फार सोयीचं पडतं. तो त्याग नव्हे, ती पंगतीची आखणी चुकली.

आत्तींच्या बाबतीत घरच्यांनी एक सोपा खुलासा शोधून ठेवला होता. 'तिला गोड आवडत नाही.' मामंजी म्हणायचे, आमचे हे म्हणायचे, नणंदा म्हणायच्या. कुणी आग्रह केला तर आत्ती स्वतःच म्हणायच्या, 'नको बाई, मला गोड जात नाही.' बेळगावला पाऊस फार, तसं आत्तींना गोड आवडत नाही. कुणी पुन्हा तपासून बघायच्या भानगडीत पडलं नाही.

मग त्या त्र्याहत्तर वर्षांच्या असताना निपाणीला धाकट्या बहिणीकडं जाणं झालं. मीच बरोबर होते. पाहुण्या म्हणून गेलेल्या, सकाळची वेळ, घाई नाही. बहिणीच्या सुनेनं दोघींना शेजारी शेजारी पाटावर बसवलं आणि तव्यावरची पोळी थेट ताटात आणली. वर तूप. आत्तींनी एक खाल्ली. दुसरी आली, तीही खाल्ली. तिसरीला 'अर्धी दे' म्हणाल्या आणि अर्धी संपल्यावर उरलेली अर्धी मागितली. चौथी न मागता आली आणि न बोलता गेली. मी बघतच बसले. त्या कुणाकडं बघत नव्हत्या. डोळे ताटात, हात सावकाश. पंचवीस वर्षांत मी त्यांना असं जेवताना पाहिलं नव्हतं.

परत येताना बसमध्ये मी हळूच विचारलं, 'आत्ती, तुम्हाला गोड आवडत नाही नव्हं?'

खिडकीबाहेर बघत त्या म्हणाल्या, 'आवडत नव्हतं कुठं? गार आवडत नव्हतं.'

पुढं हत्तरगीपर्यंत आम्ही दोघी काही बोललो नाही. मला आदिनाथांची कथा आठवत होती. सगळे हत्ती-घोडे घेऊन उभे. आईला साडी आणली, आईला यात्रेला नेलं, आईच्या नावानं बसदीला देणगी दिली. काही कमी केलं नाही कुणी. फक्त तव्यावरची पोळी कुणी दिली नाही.

त्यानंतरच्या सणाला मी घरात जाहीर केलं, पहिली पोळी करणाऱ्या बायकांची. देवाचं झालं की आधी त्या दोघी-तिघी बसतील, बाकीचे वाढतील. आमचे हे म्हणाले, 'असं कुठं असतंय होय?' मी म्हटलं, 'आजपासून आपल्याकडं असतंय.' नणंद म्हणाली, 'पाहुणे काय म्हणतील?' पाहुण्यांना मी सांगून टाकलं, बारा वाजता या, एक वाजता आलात तर गार मिळेल. बघा तरी, दर वर्षी वाटेत उशीर होणाऱ्या माणसांना पावणेबाराला बस मिळायला लागली.

सगळ्यात जास्त विरोध कुणी केला असेल तर तो आत्तींनीच. 'आधी बायका बसल्या तर घराचं कसं दिसंल?' म्हणून त्या उठून जात. दोन सण त्यांना हाताला धरून बसवावं लागलं. तिसऱ्या सणाला त्या स्वतःच 'बसायचं नव्हं?' म्हणून पाट घेऊन आल्या. आता सत्त्याऐंशीच्या आहेत. दात थोडे, ऐकू कमी येतं, पण तव्यावर पोळी पडली की त्यांना बरोबर कळतं.

सून आली इंदूरची. तिच्या मराठीची आमच्याकडं प्रेमानं थट्टा चालते. पहिल्याच पाडव्याला मी लाटायला बसले तर म्हणाली, 'आई, तुम्ही बसून जा ना आधी. मी गरम-गरम देऊन राहिली आहे.' मी बसून गेले! मग तिला मी वाढलं. मग मुलानं दोघींना वाढलं आणि स्वतः लाटायला बसला. त्याची पोळी गोल होत नाही, पण पुरण आत राहतं, आप्पांपेक्षा बरी प्रगती आहे. सून माझ्यापेक्षा चांगली पोळी करते असं मी म्हणणार नाही, एवढा मोठेपणा माझ्यात नाही. पण ती पोळी खाते माझ्यापेक्षा चांगली. हक्कानं, बसून, तूप जास्त मागून. हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही, याचं मला फार बरं वाटतं.

हल्ली विकतच्या पोळ्याही चांगल्या मिळतात. ज्यांना होत नाही त्यांनी खुशाल आणाव्यात, त्यात कमीपणा नाही. साहित्य आणि तारीख बघून घ्यावी, मर्यादा पाळणाऱ्यांनी त्याच दिवशी केलेली घ्यावी. आणि विकतची आणली तरी ज्या बाईनं आणली तिला पहिली गरम करून द्यावी. नियम तोच.

श्रावकाची बारा व्रतं आपण सगळ्यांनी पाठशाळेत पाठ केली आहेत. पाच अणुव्रतं, तीन गुणव्रतं, चार शिक्षाव्रतं. शेवटचं अतिथिसंविभाग, म्हणजे आपल्या अन्नातला वाटा अतिथीला देणं. तेरावं व्रत काढण्याची माझी पात्रता नाही. मी एवढंच म्हणते की संविभाग या शब्दात वाटा आहे, आणि वाटा करताना आधी माणसं मोजावी लागतात. मोजताना तव्यापाशी उभी असलेली राहून जाते, कारण तिची पाठ आपल्याकडं असते.

तेव्हा येत्या सणाला पुरण कशाचं करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. तूर घाला, हरभरा घाला, साखर घातली तरी मी काही म्हणणार नाही, पुढच्या पर्युषणाला बघून घेईन. दुधाचा वाद घाला, साय धरेपर्यंत घाला. फक्त जेवणं उजेडी आटोपतील अशी वेळ धरा आणि पहिली फुगलेली पोळी कुणाच्या ताटात जाते तेवढं बघा. आणि तुमच्या घरात 'मला गोड आवडत नाही' म्हणणारी एखादी आई, सासू, वहिनी असेल तर तिच्याशी वाद घालू नका. तिला एकदा पाटावर बसवा, गरम वाढा, आणि चौथीपर्यंत मोजा.

पाचवी मागितली तर डाळ जास्त भिजवायला सांगायला विसरू नका.